नऊ एक्कावन्न ते दहा चौदा

हॉस्पिटलात मला सगळे शून्यबाई म्हणतात. कुठल्याही वॉर्डातून, कुठल्याही बेडजवळच्या फोनवरून शून्य दाबलं की मी बोलते, म्हणून. सव्वीस वर्षं झाली. आमचे हे म्हणतात, "शून्याच्या आधी एक लागतो तेव्हा कुठे त्याचे दहा होतात. तो एक म्हणजे मी." लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, विनोद तोच.

एक्स्चेंजची खोली तळमजल्यावर, औषधांच्या गोदामाच्या मागे. खिडकी नाही. एक टेबल, दिव्यांचा बोर्ड, कानाला हेडफोन, शेजारी रजिस्टर. बाहेर जाणारा प्रत्येक फोन कोणी, कुठे, किती वाजता सुरू केला आणि किती वाजता ठेवला, हे रजिस्टरमध्ये लिहायचं. आणि टेबलाच्या कोपऱ्यात वाकड्या मानेचा माइक. त्यावर बोललं की सहाच्या सहा मजल्यांवर ऐकू जातं. तो वापरायचा फक्त दोन वेळा: आग लागली तर, आणि कोणाचं हृदय बंद पडलंय असं डॉक्टरांनी सांगितलं तर.

त्या महिन्यात माझ्या ड्रॉवरमध्ये एक पत्र होतं. प्रशासनाच्या साहेबांनी दिलेलं. 'रुग्णांशी अनावश्यक संभाषण टाळावे, अन्यथा कारवाई करण्यात येईल.' कोणीतरी तक्रार केली होती की लाईन लवकर मिळत नाही, बाई गप्पा मारत बसतात. खोटं नव्हतं ते. बेडवर पडलेल्या माणसाला दिवसभर कोण असतं हो? फोन जोडेपर्यंत दोन शब्द बोलले तर त्याचं काय चुकलं आणि माझं काय चुकलं? पण पत्र आलं होतं, तेव्हा मी जीभ आवरून होते.

फरशीवाले काका आवरू देत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

तिसरा मजला, पुरुषांचा सर्जरी वॉर्ड, बेड चौदा. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. वय सहासष्ट. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, गुडघ्यांवर बसून. मोबाईल त्यांनी मुद्दाम घरी ठेवला होता, कारण त्यात बायकोचा आवाज "डबड्यातून आल्यासारखा" येतो म्हणे. काकूंचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. मुलगी परगावी. म्हणून रोज सकाळी ते शून्य दाबायचे आणि घरचा नंबर सांगायचे. नंबर लांबलचक, पण काका तो दोन-दोन आकडे जोडून, फरशीला लाकडी हातोडीने ठोकावं तसा ठोकून सांगायचे, आणि शेवट ठरलेला: "अठ्ठ्याहत्तर, त्र्याण्णव, एकोणसाठ!"

मला तो नंबर दुसऱ्याच दिवशी पाठ झाला होता. पण मी "जोडते" म्हटलं तरी ते पूर्ण सांगायचेच. "शून्यबाई, माप सांगताना अर्ध्यावर थांबत नाहीत," म्हणायचे.

मग लाईन लागायची आणि दोघं भांडायचे. लाईन नीट जुळली की नाही हे बघायला मला थोडं थांबावं लागतं. थोडं म्हणजे किती, हे नियमात लिहिलेलं नाही. त्या आठवड्यात माझ्या कानावर जे पडलं ते असं: ऑपरेशन शनिवारी ठरलं होतं. काकांना खोकला झाला, ते मंगळवारवर गेलं. मंगळवारी अपघाताचे पेशंट आले, थिएटर त्यांना गेलं, गुरुवार ठरला. गुरुवारी भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनमध्ये अडकले, म्हणून शुक्रवार. प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळनंतर पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि दुपारी कोणीतरी येऊन सांगायचं, "आज नाही हो काका."

"तुम्हाला उपाशी ठेवून हर्निया आपोआप आत जाईल असं वाटतंय का त्यांना?" काकू विचारायच्या.

"तू ओरडू नको. माझा काय दोष?"

"दोष तुमचा नाही, तोंड तुमचं आहे ना? बोला की त्यांच्याशी!"

शुक्रवारी सकाळी नऊ बेचाळीसला काकांनी फोन जोडून घेतला. आवाज थोडा कोरडा होता, पण आकडे नेहमीसारखे स्वच्छ. त्या दिवशी भांडण बाथरूमच्या गळक्या नळावरून झालं. नऊ एक्कावन्नला फोन ठेवला. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि पुढच्या दिव्याकडे वळले.

दहा चौदाला बेड चौदाचा दिवा पुन्हा लागला.

"बोला काका, काय राहिलं सांगायचं?"

उत्तर नाही. नुसता श्वास. मग एक आवाज आला, "अथ्था... अथ्या... न्नव..."

मला वाटलं, तोंडात थर्मामीटर असेल. "काका, आधी ते तोंडातलं काढू द्या सिस्टरना, मग सांगा."

"थ्या... न्नव," ते म्हणाले. शब्द ओल्या मातीसारखे. आणि मग रागाने, स्वतःवरच चिडल्यासारखे, पुन्हा तेच. त्र्याण्णव म्हणायचं होतं त्यांना. जीभ त्या 'त्र्या'पर्यंत पोचत नव्हती.

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

मी इथे एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मी पुढे जे केलं ते वेडेपणाचं वाटेल. तीन वर्षांपूर्वी पाचव्या मजल्यावरून एका बाईंचा असाच फोन आला होता. दुपारी. मुलीचा नंबर हवा होता, पण आकडे एकमेकांत घुसत होते. मी म्हटलं, "बाई, औषधाची गुंगी आहे तुम्हाला. झोपा थोडा वेळ, मग जोडून देते." अगदी प्रेमाने म्हटलं. त्या झोपल्या. कोणाच्या लक्षात आलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. त्यांना लकवा झाला होता, आणि वेळ निघून गेली होती. नंतर त्या दोन-तीनदा तपासणीला आल्या. चाकाच्या खुर्चीवर, एक हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याने तो धरलेला. मला त्या ओळखत नव्हत्या. मी मात्र त्यांना बघितलं की गोदामात जाऊन उभी राहायचे.

म्हणून मी काकांना "झोपा" म्हटलं नाही.

"काका, फोन ठेवू नका. तसाच धरून बसा," म्हटलं आणि दुसऱ्या लाईनवर वॉर्ड लावला. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी उचलला. मागून ट्रॉल्यांचा आवाज, कोणाची तरी सलाईन संपल्याची हाक.

"सिस्टर, बेड चौदा बघता का? त्यांचं बोलणं अडखळतंय."

"आठ दिवसांत चार वेळा उपाशी राहिलेत. अशक्तपणा असेल."

"वीस मिनिटांपूर्वी स्पष्ट बोलत होते. दोन्ही हात वर करायला सांगा ना त्यांना."

"हे बघा, माझ्याकडे बत्तीस पेशंट आणि दोन मुली आहेत. तुम्ही फोन जोडा, पेशंट आम्ही बघतो."

फोन ठेवला गेला. सिस्टरना मी दोष देत नाही. त्या सकाळी सहापासून पायांवर होत्या, आणि फोनवरची बाई म्हणजे कोण? जिला पेशंट दिसतसुद्धा नाही.

मेंदूच्या डॉक्टर मॅडम त्या वेळी तळमजल्यावर ओपीडीत होत्या. तिकडे लावला. मदतनिसाने उचलला. "मॅडम पेशंट तपासतायत. काय काम आहे? रेफरन्स कोणाचा?"

"माझा."

"तुम्ही कोण डॉक्टर?"

"मी ऑपरेटर."

तो हसला. खरंच हसला. "लेखी पाठवायला सांगा वॉर्डाला."

दुसऱ्या कानात काकांचा श्वास ऐकू येत होता. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. रिसीव्हर हातातून सुटला होता.

मी माइककडे बघितलं. मग ड्रॉवरकडे. त्यातल्या पत्राकडे, खरं तर. आणि मग मी माइकचं बटण दाबलं.

"मेंदूविकार विभागाच्या डॉक्टर मॅडमनी ताबडतोब तिसरा मजला, पुरुष सर्जरी, बेड चौदा इथे यावं. पेशंटचं बोलणं गेलं आहे. पुन्हा सांगते..."

पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. सहा मजल्यांवर माझा आवाज घुमला. बटण सोडलं तेव्हा खोलीत इतकी शांतता झाली की टेबल फॅनचा खरखराट ऐकू आला. मग बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटले. पहिला दिवा प्रशासनाच्या साहेबांचा होता. तो मी तसाच ठेवला. ही माझी सव्वीस वर्षांतली पहिली बेशिस्त. माइक धरला तर दुसरी.

चार मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. मॅडम होत्या. जिने चढून गेल्या होत्या, धाप लागलेली.

"अनाउन्समेंट कोणी केली?"

"मी. ऑपरेटर."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही, मॅडम."

"बरोबर ओळखलंत तुम्ही. उजवा हात पडलाय, तोंड वाकडं झालंय. स्ट्रोक आहे. आता मला एक गोष्ट हवी. हा माणूस शेवटचा नक्की कधी ठीक होता? इथे कोणालाच सांगता येत नाही. कोणी म्हणतं सकाळी राउंडला, कोणी म्हणतं काल."

मी रजिस्टर ओढलं. "नऊ बेचाळीस ते नऊ एक्कावन्न बायकोशी स्पष्ट बोलत होते. दहा चौदाला जीभ जड होती. मी दोन्ही वेळा स्वतः ऐकलंय."

"लिहिलेलं आहे?"

"शाईने."

पलीकडे मॅडमचा आवाजच बदलला. "म्हणजे फार तर तीस-पस्तीस मिनिटं झालीत. आपल्या हातात वेळ आहे. भरपूर वेळ आहे! ऐका, गुठळी विरघळवायचं औषध देता येईल, पण ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर धोका आहे. फायलीत 'गोळी बंद' एवढंच लिहिलंय. कधीपासून बंद, ती तारीख नाही. बायकोला लावा. आणि स्कॅनला सांगा आम्ही निघालो."

खरं सांगते, त्या क्षणी माझी भीती कुठे गेली मला कळलं नाही. हे माझं काम होतं. जगात मला एवढंच येतं: या माणसाला त्या माणसाशी जोडणं. एका हाताने मी काकूंचा नंबर लावला, दुसऱ्याने स्कॅन. स्कॅनच्या टेबलावर पाठदुखीचा एक पेशंट चढत होता. "त्याला उतरवा, हात जोडून सांगा, दहा मिनिटांत पुन्हा घेऊ," म्हटलं. मग लिफ्ट. लिफ्टवाले मामा सहाव्या मजल्यावर होते, जेवणाच्या ट्रॉल्या भरत होते.

"मामा, ट्रॉल्या बाहेर काढा आणि तिसऱ्यावर या. स्ट्रोकचा पेशंट खाली न्यायचाय. मध्ये कोणासाठी थांबायचं नाही."

"डीन साहेब उभे असले तरी?"

"डीन साहेब असले तरी."

"बघा हं, शून्यबाई, तुमच्या नावावर सांगीन!" आणि फोन आपटला. मला नंतर कळलं, मामांनी ट्रॉल्या हाताने ढकलून बाहेर काढल्या आणि डाळीचं अख्खं भांडं पॅसेजमध्ये सांडलं.

काकूंनी उचलला. "आता काय राहिलं? नळाचं सांगितलं ना मी—"

"काकू, मी हॉस्पिटलातून ऑपरेटर बोलतेय. डॉक्टर बोलणार आहेत. घाबरू नका, पण जे विचारतील ते नेमकं सांगा."

मॅडम चालता चालता वॉर्डाच्या फिरत्या फोनवर होत्या. मी दोघींना एका लाईनवर घेतलं. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं काय झालंय ते. काकू एवढंच म्हणाल्या, "विचारा."

"रक्त पातळ करायची गोळी कशासाठी होती?"

"त्यांचं हृदय वेडंवाकडं चालतं. ठोका चुकतो. चार वर्षं गोळी चालू आहे."

"शेवटची कधी घेतली?"

"गेल्या बुधवारी रात्री, जेवणानंतर. परवाचा बुधवार नव्हे, त्याच्या आधीचा. मीच दिली. शनिवारी ऑपरेशन म्हणून तीन दिवस आधी बंद करा म्हणाले होते. मग ते पुढे पुढे जात राहिलं, आणि गोळी चालू करा असं कोणी म्हणालंच नाही. मी रोज विचारायचे यांना, 'गोळी?' हे म्हणायचे, 'डॉक्टरांना माहीत असेल.'"

"म्हणजे नऊ दिवस," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि आज सकाळी कसे बोलत होते?"

"चांगले भांडत होते की माझ्याशी!" आणि इथे काकूंचा आवाज पहिल्यांदा फुटला. "अगदी खणखणीत."

मॅडमनी औषधाचा फायदा सांगितला, धोका सांगितला, रक्तस्राव होऊ शकतो हेही सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. "तुमचा स्वतःचा माणूस असता तर दिलं असतं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच्या आत्ता दिलं असतं."

"मग मला काय विचारता? द्या!"

दहा चोपन्नला औषध गेलं. ती वेळही मी लिहून ठेवली, रजिस्टरमध्ये तसा रकाना नसताना. स्कॅनमध्ये दिसलं की गुठळी मोठी आहे, मेंदूच्या मुख्य रक्तवाहिनीत अडकलेली. नुसत्या औषधाने भागणार नाही. मांडीतून बारीक नळी वर नेऊन ती ओढून काढायची. अँजिओग्राफीच्या खोलीत एका बाईंची तपासणी सुरू व्हायची होती. मी फोन करून काही बोलायच्या आधीच तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "टेबल रिकामं केलंय. सगळ्या बिल्डिंगने ऐकलंय तुमचं भाषण."

मग काही करण्यासारखं उरलं नाही. काकू लाईनवरच होत्या.

"ठेवू का फोन, काकू? काही कळलं की करते."

"ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. कधी 'तू' झाले मला कळलं नाही. "या घरात मी एकटी आहे आणि माझा पाय बांधलेला आहे. मला आवाज लागतो."

मी थांबले. पत्रातल्या अनावश्यक संभाषणाची आठवण झाली आणि गेली. मध्ये दुसरे दिवे लागत होते, ते मी जोडत होते आणि परत येत होते. प्रत्येक वेळी काकू तिथेच.

"फोन ठेवताना मी त्यांना काय म्हणाले माहितीये?" त्या एकदा म्हणाल्या. "'ठेवा आता, कान किटले माझे.'"

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तुझे कान किटले तरी माझं तोंड काही झिजत नाही.'" त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि मीही. हेडफोनवर रडणं फार गैरसोयीचं असतं, नाक पुसायला तोंडापुढची बोलायची दांडी बाजूला करावी लागते.

अकरा सत्तेचाळीसला मॅडमचा फोन आला. मी काही न विचारता त्यांना काकूंच्या लाईनवर घेतलं.

"निघाली," मॅडम म्हणाल्या. "अख्खी निघाली. बोटाच्या पेराएवढी होती. टेबलावरच त्यांनी उजवा हात उचलला. मी म्हटलं, काका, नाव सांगा. तर म्हणाले, आधी पाणी द्या."

काकूंनी कुबडी की काय ती जमिनीवर इतक्या जोराने आपटली की माझ्या कानठळ्या बसल्या. "द्या!" त्या ओरडल्या. "पाणी द्या त्या माणसाला!"

"आज नाही काकू. आधी गिळता येतं की नाही ते तपासू, मग पहिला घोट मी स्वतः पाजते."

मी हेडफोन काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसले. बाहेर पॅसेजमध्ये टाळ्या वाजत होत्या. लिफ्टवाले मामा गोदामातल्या मुलींना डाळ कशी सांडली ते करून दाखवत होते.

सोमवारी मला वर बोलावलं. डीनची खोली, मोठं टेबल. प्रशासनाचे साहेब माझी फाईल घेऊन बसलेले. मोठ्या सिस्टर, सर्जरीचे मोठे डॉक्टर, मॅडम. मी रजिस्टर छातीशी धरून उभी. साहेबांनी सुरुवात केली: डॉक्टरांच्या आदेशाविना माइकचा वापर, आधीचं ताकीदपत्र, वगैरे.

ते संपण्याआधीच मोठ्या सिस्टर उठल्या. मला वाटलं, झालं.

"मला आधी बोलायचंय," त्या म्हणाल्या. "यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्या थांबल्या असत्या तर मी दुपारच्या बीपीला त्या बेडपाशी गेले असते. दीड वाजता. माझ्या वॉर्डातला माणूस आज स्वतःच्या हाताने जेवतोय तो यांच्यामुळे. लिहायचंच असेल तर माझं नाव लिहा."

मग मॅडमनी कागद काढले. त्या दोन दिवस फायली काढून बसल्या होत्या. "घरी स्ट्रोक झाला तर घरचे उचलून धावत आणतात," त्या म्हणाल्या. "आपल्याच बेडवर झाला तर आपल्याला वाटतं गुंगी आहे, अशक्तपणा आहे. गेल्या वर्षी आपल्याकडे अकरा पेशंटना ॲडमिट असताना स्ट्रोक झाला. बाहेरून येणाऱ्यांपेक्षा त्यांना उपचार उशिरा मिळाले. हॉस्पिटलच्या आत असून!"

"या पेशंटचं काय चुकलं?" डीननी विचारलं.

"कोणाचं एकट्याचं नाही. हृदय अनियमित चालतं, त्यात रक्त साचून गुठळी होते; म्हणून गोळी होती. ऑपरेशनसाठी ती बंद केली, ते बरोबर. खोकल्यामुळे ऑपरेशन पुढे ढकललं, बरोबर. अपघाताला थिएटर दिलं, तेही बरोबर. पण दर वेळी उपास, पाणी कमी, रक्त घट्ट. बीपीची गोळी मात्र रोज चालू, त्यामुळे बीपी खाली. प्रत्येकाने आपला दिवस बरोबर मोजला. नऊ दिवस कोणीच मोजले नाहीत. त्यांच्या बायकोने मोजले."

सर्जरीचे मोठे डॉक्टर चष्मा पुसत होते. "ही तारीख बेडवर लावली पाहिजे," ते म्हणाले. "ठळक. गोळी बंद, दिवस पहिला, दुसरा, तिसरा. ऑपरेशन सरकलं की त्याच दिवशी विचारायचं, गोळीचं काय."

डीननी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्हाला काय वाटतं?"

सव्वीस वर्षांत त्या खोलीत मला पहिल्यांदा कोणी काही विचारलं होतं. मी म्हटलं, "साहेब, माझ्याकडे सगळे फोन करतात. झाडणाऱ्या मावशी, ताटं देणारे, लिफ्टवाले, पेशंटचे नातेवाईक. ते डॉक्टर नाहीत, पण ते चेहरा बघतात. त्यांना कोणालाही शून्य दाबून नुसतं 'मेंदू' म्हणू द्या. बेड नंबर सांगितला की मी मॅडमना बोलावीन. चुकलं तर शिव्या मी खाईन."

"शिव्या आम्ही खाऊ," मॅडम म्हणाल्या.

प्रशासनाच्या साहेबांनी माझी फाईल मिटली. माणूस वाईट नव्हता. दोन दिवसांनी ते स्वतः एक्स्चेंजमध्ये आले, जुनं पत्र परत मागितलं, आणि तिथेच उभ्याने फाडलं. मग कचऱ्याची टोपली सापडेना म्हणून तुकडे खिशात घातले.

पहिल्या महिन्यात 'मेंदू' म्हणून सात फोन आले. एका आजोबांची कवळी निघाली होती. एकाच्या दाताला भूल दिली होती. एक जण नुसताच तोंड वेडावत होता, शेजारच्या पेशंटच्या नातवाला हसवायला. पण दोन खरे निघाले. त्यातला एक झाडणाऱ्या मावशींनी ओळखला: औषध अडतीस मिनिटांत गेलं. मावशी दुसऱ्या दिवशी झाडू खांद्यावर टाकून सेनापतीसारख्या चालत होत्या.

अडीच महिन्यांनी फरशीवाले काका हर्निया काढून घ्यायला परत आले. या वेळी पलंगाच्या कठड्याला 'गोळी बंद'च्या दिवसांची पाटी होती, आणि रोज सकाळी मोठ्या सिस्टर स्वतः त्यावरचा आकडा बदलत. तीनच्या पुढे तो गेला नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी झालं.

त्या वेळात एक बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी, प्लास्टर निघालेलं. मी हेडफोनवर कोणाला तरी "एक मिनिट थांबा" म्हटलं, आणि त्यांनी लगेच बोट रोखलं.

"हाच आवाज," त्या म्हणाल्या. "मी तर तुला उंच समजले होते."

आम्ही दोघी, स्टुलावर एक आणि खुर्चीवर एक, अशा बसलो. मी चहा मागवला. त्या बोर्डावरच्या दिव्यांकडे बघत होत्या, कोणता कुठला ते विचारत होत्या, आणि मधूनच माझा हात घट्ट धरत होत्या. एक वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्याचा दिवा लागला. मोठ्या सिस्टर होत्या.

"बाहेर आले. शुद्धीवर आहेत. हात-पाय-तोंड सगळं मी बघितलं, दोनदा. त्यांना सांगा, वर या. आणि हो, पेशंट विचारतोय, नळ दुरुस्त केला का."

मी निरोप सांगायच्या आधीच काकू उठल्या होत्या. मामांना लिफ्ट खाली आणायला सांगते म्हटलं, तर म्हणाल्या, "अडीच महिने चालायची वाट बघितली आहे मी." आणि काठी टेकत, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ती ठक्क वाजवत, त्या तिसऱ्या मजल्याकडे निघाल्या. पहिल्या वळणावरून त्यांचा आवाज आला, "नळ! मरणाच्या दारातून आले तरी नळ!" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की ओपीडीच्या रांगेतली माणसं वर बघायला लागली.